इंदिरानगरचा रिलीव्हर

निवृत्त माणसांचा मला राग येतो, आणि मी स्वतः निवृत्त असल्यामुळे हे बोलायचा मला पूर्ण हक्क आहे. नोकरी संपली की ही मंडळी घरात अशी वावरायला लागतात, की आजवर ते घर यांच्याचसाठी ताटकळत बसलं होतं. डाळ कोणत्या डब्यात असते इथून सुरुवात होते. ती त्याच डब्यात का असते, यावर गाडी आली की त्या घरातली बाई देवळात जास्त वेळ बसायला लागते. मी जिल्हा परिषदेत कारकून होते. ऑफिसात भले वाटणारे किती तरी साहेब घरी बसल्यावर बायकोच्या डोक्याला ताप झालेले मी पाहिले आहेत.

म्हणून इंदिरानगरला आमच्या शेजारी राहणारे गोरक्ष मौले निवृत्त झाले, तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती त्यांच्या बायकोची, सुवर्णाची. तिच्याकडे आधीच अंथरुणाला खिळलेली सासू होती. त्यात आता रिकामा नवरा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी किशोरला म्हणालेसुद्धा. किशोर म्हणजे माझा नवरा. आमच्या लग्नापासून मी त्याला नावानेच हाक मारते. त्यावरून सासरी व्हायचं तेवढं बोलणं होऊन गेलेलं आहे.

मौलेभाऊ अंबडच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. गाड्यांचे लोखंडी भाग तापवून कडक करायची ती भट्टी. तिला रविवार नाही आणि दिवाळीही नाही. पहिली, दुसरी, तिसरी अशा शिफ्टमध्ये माणसं बदलत राहतात, भट्टी चालूच असते. तिथला एक नियम मौलेभाऊंच्या हाडीमाशी खिळला होता. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय भट्टी सोडायची नाही. तो आला की त्याला तोंडी चार्ज द्यायचा. आत काय आहे, कधी घातलंय, पंखा कसा आवाज करतोय, कोणतं दार अडतंय, सगळं सांगायचं. मग हात धुऊन गेटच्या बाहेर पडायचं. रिलीव्हर आलाच नाही तर थांबायचं, मग घरी कुणी आजारी असो नाहीतर कुणाचं लग्न असो.

निवृत्तीच्या आधी कंपनीने त्यांना एका व्याख्यानाला बसवलं होतं. विषय होता, निवृत्तीनंतरच्या दिवसाचं नियोजन. कोट घातलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, दिवस आखा, छंद जोपासा, आता स्वतःसाठी जगा. मौलेभाऊ सरळ माणूस, त्यांनी ते मनावर घेतलं. पहाटे जॉगिंग ट्रॅक, मग हास्यक्लब, मग वाचन, दुपारी विश्रांती, संध्याकाळी गच्चीतली बाग. नव्याचे नऊ दिवस बरे गेले. मग हास्यक्लबात त्यांना हसू येईना. "विनोद काय झाला ते कळल्याशिवाय हसायचं कसं?" असं त्यांनी तिथल्या बाईंना गंभीरपणे विचारलं, तेव्हा मात्र सगळे खरोखरचे हसले म्हणे. वाचायला बसलं की झोप, आणि झोपायला गेलं की जाग. आयुष्यभर तीन शिफ्टमध्ये फिरवलेल्या शरीराला आता कोणती शिफ्ट चालू आहे तेच उमगत नव्हतं. गच्चीतली मेथी तेवढी छान आली, कारण माणूस मूळचा मखमलाबादच्या मळ्यातला.

एकदा जिन्यात भेटले तर चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, मला काय खुपतं सांगू? ट्रॅकवर मी अर्धा तास उशिरा गेलो तरी कुणाचं काही अडत नाही. गेलोच नाही तरी नाही. कंपनीत पाच मिनिटं उशीर झाला की एक माणूस माझ्यासाठी खोळंबायचा. आलो की शिव्या द्यायचा. आता शिव्यासुद्धा कुणी देत नाही."

"शिव्याच हव्या असतील तर माझ्याकडे या," मी म्हटलं.

ते हसले, पण मला ते बोलणं लागलं. दिवस कसा भरायचा ते कोटवाल्या गृहस्थांनी त्यांना शिकवलं होतं. पण आपली वाट बघणारं कुणी नसेल तर भरलेल्या दिवसाचं करायचं काय, हे त्यांनी विचारलं नसावं आणि त्या गृहस्थांनाही सुचलं नसावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी दाढ ठणकायला लागली. किशोरला अर्धांगवायू होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळतं, आणि एकटं सोडायची सोय नाही. मुलगा अमोल पुण्याला, त्याचं त्याला पुरतं. येणारी बाई येईनाशी झाली होती. म्हणून दाढ मी लवंगेवर ढकलत होते. मौलेभाऊ मेथीची जुडी द्यायला आले आणि माझा सुजलेला गाल बघून दारातच थांबले.

"जा तुम्ही डॉक्टरकडे. मी बसतो," ते म्हणाले.

"अहो, तुम्हाला जमायचं नाही."

"चार्ज द्या, मग जमेल."

"कसला चार्ज?"

"काय दिलंय, काय द्यायचंय, कोणत्या कुशीवर ठेवलं की दुखतं, कशाने चिडतात, ते सगळं सांगा."

मी सांगायला लागले. पाणी चमच्याने द्यायचं, घोट गिळेपर्यंत दुसरा नाही. डाव्या हाताने खूण करतो ती 'नको'ची नसते, 'थांब'ची असते. बातम्या चालतात पण ओरडणारी चर्चा लागली की चिडतो. जुन्या ऑफिसातल्या कुणाचं नाव निघालं की कधीकधी डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा बघायचं नाही, पडदा सरकवल्यासारखं करायचं. इतक्या वर्षांत नातेवाईक आले, फळं ठेवून गेले, देवाची इच्छा वगैरे बोलून गेले, पण मी रोज काय करते हे मला कुणी विचारलं नव्हतं. मौलेभाऊ मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी सगळं मला परत म्हणून दाखवलं, एकही गोष्ट न सुटता, आणि म्हणाले, "आता गेटच्या बाहेर व्हा."

दाढ काढून मी आले तर त्यांनी तसाच चार्ज परत दिला. दोनदा पाणी, एकदा कूस बदलली, बातम्या बघितल्या, एकदा रडू आलं. "का ते विचारलं नाही," म्हणाले. किशोर शांत झोपला होता. मला इतकं हलकं वाटलं की दुखऱ्या गालाने मी हसले.

तिथून ते सुरू झालं. दुपारी दोन तास मौलेभाऊ आमच्याकडे. सकाळचे दोन तास मागच्या इमारतीतल्या निकिताकडे, जिचा मुलगा स्वराज दहा-बारा वर्षांचा झाला तरी चालत-बोलत नाही. तिने किती वर्षांनी केस कापून घेतले, ते तिने येऊन मला दाखवलं. मौलेभाऊंचा एकच कडक नियम होता. सुटी झालेल्या माणसाने घरात थांबायचं नाही. मी एकदा स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले तर आतून आवाज आला, "ताई, सुटी झाली की माणसाने भट्टीजवळ रेंगाळायचं नाही. जा, कुठेही जा." मी भर दुपारी चपला घालून बाहेर पडले आणि कुठे जावं ते सुचेना, म्हणून द्वारकेच्या चौकापर्यंत रिक्षाने जाऊन आले. तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसायलासुद्धा त्या दिवशी मजा वाटली.

कॉलनीत त्यांना सगळे 'रिलीव्हर' म्हणायला लागले. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. वेळेवर दाढी, वेळेवर जेवण, रात्री गाढ झोप. निवृत्त माणसांबद्दलचं माझं मत बदलावं लागतंय की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

आणि या सगळ्यात सुवर्णा कुठे होती? घरात होती. सासूपाशी.

मौलेभाऊंची आई ठमाबाई दहा-अकरा वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या, खुबा मोडला, आणि मग उठल्याच नाहीत. तरुणपणी डोक्यावर फुलांची पाटी घेऊन मखमलाबादहून बाजारापर्यंत चालत येणारी बाई ती. जिभेला धार, मान ताठ. त्यांचं सगळं सुवर्णा करायची. अंघोळ, कपडे, बेडपॅन, भरवणं. लेकाने आईचं असलं काही करायचं नाही, हा ठमाबाईंचा शब्द. आमच्याकडे माणसं हे मानतात. सुनेने करावं, लेकीने करावं, लेकाने दाराबाहेर थांबावं. मौलेभाऊ इतकी वर्षं दाराबाहेर थांबले. कधी शिफ्टवर होते म्हणून, कधी शिफ्टवरून येऊन झोपले होते म्हणून, आणि आता दुसऱ्यांच्या घरी होते म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एका दुपारी ते किशोरच्या उशाशी बसून माझ्याकडून चार्ज घेत होते आणि सुवर्णा दारात आली. हाताला पीठ तसंच.

"प्रतिभाताई," ती मला म्हणाली, पण बघत होती नवऱ्याकडे, "तुमच्या या रिलीव्हरना सांगा ना, शेजारी अजून एक घर आहे. तिथेही एक म्हातारी झोपून असते."

मौलेभाऊ हसले. "तुझं आपलं काहीतरीच. आईला माझा हात चालतो का?"

"लावून बघितलात?"

"तिनेच सांगितलंय, लेकाने आईचं तसलं बघायचं नाही."

"त्यांनी सांगितलं तेव्हा त्या चालत होत्या," सुवर्णा म्हणाली. मग तिने पिठाचे हात पदराला पुसले, जे ती एरवी कधी करत नाही. "मला येवल्याला जायचंय. राहायला. सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत, असं नाही. दादाचा फोन होता. आई माणसं विसरायला लागलीय. शेजारणीला विसरली, दादाच्या सुनेला विसरली. मला अजून ओळखते. ओळखतेय तोवर मला तिच्याजवळ राहायचंय."

सुवर्णाची आई भिमाबाई येवल्याला राहायची. पैठणीच्या मागांसाठी तिने आयुष्यभर कांड्या भरल्या, म्हणजे विणकराच्या धोट्यात घालायचं रेशीम गुंडाळून द्यायचं काम. तिच्या हातची कांडी कधी अडकत नाही असं विणकर म्हणायचे, हे सुवर्णा मला खूपदा सांगायची. सांगताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा.

"जा की, मी कुठे नाही म्हणतोय?" मौलेभाऊ म्हणाले. "आईला जरा बरं वाटू दे, मग जा."

ठमाबाईंना आता बरं वाटायचं नव्हतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. किशोरलासुद्धा. सुवर्णा निघून गेली. मौलेभाऊ परत माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, तर सकाळची गोळी दिली आहे ना?"

माझं डोकंच फिरलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी म्हटलं, "मौलेभाऊ, आजपासून आमच्याकडे येऊ नका."

"का हो ताई?"

"तुमचा नंबर आमच्याकडे लागायच्या आधी तुमच्या घरात लागलेला आहे. अकरा वर्षं एक बाई भट्टीपाशी उभी आहे आणि तिचा रिलीव्हर लोकांच्या घरी जाऊन दोन-दोन तास बसतोय. कंपनीत असं केलं असतंत तर तुम्हाला काय म्हणाले असते?"

त्यांचा चेहरा पडला. "आईचा शब्द आहे ताई. तो मी कसा मोडू?" असं काहीतरी म्हणत ते उठले. मी दार लावून घेतलं. माझे दोन तास गेले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते जाताना जड गेलं. किशोर डाव्या हाताने खूण करत होता. ती 'थांब'ची खूण होती, पण मी थांबण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

पुढचे काही दिवस ते मला टाळत होते. निकिताकडे जायचे, पण मान खाली घालून. सुवर्णा नेहमीसारखीच होती, फक्त बोलत नव्हती. पंधरवडा गेला असेल, मग येवल्याहून पुन्हा फोन आला. आई दोन दिवस कुणालाच हाक मारत नाहीये, असं तिचा भाऊ म्हणाला. त्या दिवशी सुवर्णाने कुणाला विचारलं नाही. पिशवी भरली, साडी बदलली, सासूला सांगितलं आणि निघाली. मौलेभाऊ पिशवी उचलून मागे गेले. येवल्याची गाडी पकडायला दोघं द्वारकेला जाऊन उभी राहिली.

तिथे काय झालं ते मला नंतर दोघांनीही सांगितलं, आणि दोघांनी एकच सांगितलं. गाड्यांच्या त्या गलक्यात उभं राहून मौलेभाऊ म्हणाले, "चार्ज दे."

सुवर्णा त्यांच्याकडे बघत राहिली. "आत्ता? इथे?"

"दहा मिनिटं आहेत गाडीला. पटापट सांग, मी लक्षात ठेवतो. भट्टीचा चार्ज पाच मिनिटांत व्हायचा."

तिने सांगायला तोंड उघडलं आणि कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. मग म्हणाली, "तुम्ही घरातच होता की. बघितलं नाहीत?" तेवढ्यात गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि तिने तोंड दुसरीकडे केलं. चार्ज न घेता ड्युटीवर जायची मौलेभाऊंच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

पहिला दिवस वाईट गेला. ठमाबाईंनी तोंड मिटून घेतलं. "सुवर्णी कुठंय? तिला बोलाव. तू जा, तुझं काम नाय हे." दूध सांडलं, ताट बाजूला सारलं. गादी भिजली तशी मौलेभाऊ माझ्या दाराशी आले. माझ्यावर रागावलेला माणूस हात जोडून उभा होता. "ताई, तेवढं आईचं..." त्यांना पुढे बोलवेना.

मी गेले. माझा राग त्या म्हातारीवर नव्हता. पण ठमाबाईंनी मलाही हात लावू दिला नाही. "तू परकी हायेस बाई. माझी अब्रू काय चव्हाट्यावर मांडतो का ह्यो?" शेवटी त्यांनी स्वतःच कशीबशी कूस बदलली, मी चादर ओढून काढली, एवढंच झालं. संध्याकाळपर्यंत त्या उपाशी होत्या. मौलेभाऊ दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, नेहमीच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी-भाजी घेऊन गेले. आतून भांडणाचा आवाज येत होता. दार अर्धं उघडं होतं. ठमाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, आणि समोर मौलेभाऊ, डोळ्यांवर पंचा घट्ट बांधलेला, एका हातात गरम पाण्याची बादली आणि दुसरा हात हवेत चाचपडत.

"आये, मी बघत नाय. हे बघ, डोळं बांधलेत. आता तरी धुऊ दे."

"अरं, लाज नाय वाटत? मागं सर!"

"मला कुठं काय दिसतंय? सांग, कुठं हाय तू?"

ते एक पाऊल पुढे आले, खाटेच्या पायाला अडखळले, आणि बादली कलंडून अर्धं पाणी त्यांच्याच अंगावर सांडलं. ठमाबाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. अंगात ताकद नव्हती, पण त्या खांदे हलवून हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या.

"सोड ते फडकं, येड्या," त्या म्हणाल्या. "डोळं उघडून कर. नायतर दोघंबी पडू, अन् मग उचलाया कोण येतंय?"

मी भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि आवाज न करता परत आले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते मी किशोरला दाखवलं नाही.

मग त्यांना जमायला लागलं. भाजी मऊ करून द्यायची, भाताआधी पाणी पाजायचं, पाठीला तेल लावताना मळ्यातल्या गोष्टी काढायच्या. शेवंतीचा भाव पडला त्या वर्षाची गोष्ट ठमाबाई रोज नव्याने सांगायच्या आणि मौलेभाऊ रोज नव्याने ऐकायचे. ते मला सांगायला यायचे. "ताई, तिच्या पाठीवर डावीकडे एक जागा लाल होतेय. तिथे उशी लावली की बरं वाटतं तिला." कुणी न सांगता त्यांनी ते शोधलं होतं, याचा त्यांना अभिमान वाटत होता. मलाही वाटत होता. मी माझे दोन तास परत मागितले नाहीत, तेच एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "उद्यापासून आई झोपली की तासभर येतो किशोरभाऊंकडे."

सुवर्णा परत आली ती दुपारची. किशोरचा डोळा लागला होता म्हणून मी तेव्हा घटकाभर त्यांच्याच घरी होते. तिच्या चेहऱ्यावरून मी काही विचारायची हिंमत केली नाही. तिने पिशवी ठेवली आणि सवयीने थेट सासूच्या खोलीत गेली, पदर खोचत. ठमाबाईंचे केस विंचरलेले होते, लुगडं स्वच्छ होतं, खोलीला धुपाचा वास होता.

"आलीस व्हय?" ठमाबाई म्हणाल्या. "जा, बस तिकडं. दमली असशील. गोरख करतोय माझं."

मौलेभाऊ पुढे आले. त्यांनी चार्ज द्यायला सुरुवात केली. खाणं, पिणं, झोप, औषध, पाठीवरची ती लाल जागा, उशी कशी लावायची ते. भट्टीवरच्या सवयीने त्यांनी काहीही सोडलं नाही. सुवर्णा ऐकत होती. तिला त्यातलं काय माहीत नव्हतं? लाल जागेसाठी तर तिने उशीच्या आत वेगळा कापूस भरून ठेवला होता. पण ती मधे बोलली नाही. त्यांचं सांगून झालं आणि ते थांबले. आता ही काहीतरी म्हणेल, अशा आशेने त्यांचा चेहरा अगदी उघडा झाला होता.

"कधीपासून घेतायत त्या तुमच्या हातून?" सुवर्णाने विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी जमलं."

"एका दिवसात जमलं," सुवर्णा म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. ती खोलीतून बाहेर आली, चपला घातल्या आणि माझ्या घरी येऊन किशोरच्या पायाशी स्टुलावर बसली. मी तिच्या मागोमाग आले. पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. म्हणाली, "मला आनंद व्हायला हवा ना, प्रतिभाताई? मला राग येतोय. इतका राग मला आयुष्यात आला नाही. त्यांना जमलं नसतं ना, तर मला बरं वाटलं असतं."

मी तिचा हात धरला. पटण्यासारखंच होतं सगळं.

मग मी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे. जेवते, झोपते. मला ओळखत नाही." ती एवढं सरळ बोलली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी पोचले त्या दिवसापासूनच नाही. दादा म्हणाला, तू यायच्या दोन दिवस आधीपर्यंत तुझं नाव घेत होती. मी उशाशी बसायचे, डोकं चेपायचे. तिला आवडायचं. हात धरून ठेवायची. पण संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायची. म्हणायची, बाई, तुम्ही निघा आता. घरी तुमची सासू खोळंबली असेल. इतक्या वर्षांत मी जेव्हा जेव्हा गेले ना, तेव्हा हेच म्हणून तिने मला संध्याकाळच्या गाडीत बसवलं. तिच्या डोक्यात आता मी नाही, दादा नाही, माग नाही. तेवढं राहिलंय."

मौलेभाऊ दारात येऊन उभे होते. ते कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उंबऱ्यावरच खाली बसले. साठीचा माणूस, भट्टीच्या झळांनी रापलेला, हमसून रडला. किशोरने डाव्या हाताने मला 'थांब'ची खूण केली, आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सुवर्णा, आता आईचं मी बघतो. कायमचं. तू पाहिजे तेव्हा येवल्याला जा. पाहिजे तेवढं राहा. महिनाभर राहा."

सुवर्णाने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतला राग तोवर निवला होता.

"जाईन," ती म्हणाली. "पण आता जाऊ कुणाकडे?"